दोघी-दोघींनी जायचं

गणपतीची वर्गणी, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी, चाळीतल्या कुणाच्या ऑपरेशनसाठी फिरवलेला डबा. चार माणसं चांगल्या कामासाठी एकत्र आली की आपल्याकडे आधी पावतीपुस्तक छापून घेतात. संयुक्त अरब अमिरातीत ही सवय महागात पडते. परवाना नसलेल्या माणसाने किंवा मंडळाने देणग्या गोळा करणं हा तिथे गुन्हा आहे. दुबईने २०१५ साली तसा हुकूम काढला आणि २०२१ साली सबंध देशासाठी कायदा झाला. व्हॉट्सॲपच्या गटावर बँकेचा खातेक्रमांक टाकून ‘जमेल तेवढं पाठवा’ म्हणणंही त्यात आलं. शिक्षा मोठ्या दंडाची, प्रसंगी तुरुंगवासाची. हेतू चांगला होता, हे सांगून तिथे सुटका होत नाही.

अशा देशात प्रार्थना आणि सेवा अंगावर घेतलेल्या बायकांच्या गटाने करायचं तरी काय? अबू धाबी, दुबई आणि आसपासच्या कॅथलिक धर्मग्रामांत ‘लीजन ऑफ मेरी’चे जे छोटे गट काम करतात, त्यांच्याकडे बघताना हा प्रश्न आधी मनात येतो. आणि उत्तर गमतीचं आहे. या संघटनेने पैशाची मदत स्वतःच स्वतःला बंद करून ठेवली आहे, तीही अमिरातीचा कायदा व्हायच्या कितीतरी आधी. लीजनच्या नियमपुस्तकात स्पष्ट म्हटलं आहे की सभासदाने गरजूला पैसा, कपडा, धान्य अशी वस्तुरूप मदत द्यायची नाही. द्यायचा तो वेळ. घरी जायचं, दवाखान्यात जायचं, बसायचं, ऐकायचं, हवी असेल तर प्रार्थना करायची. जायचं ते एकटीने नाही, दोघी-दोघींनी.

डब्लिनच्या एका धार्मिक संघटनेने स्वतःवर घातलेलं बंधन आणि आखाती राज्यकर्त्यांनी वेगळ्याच कारणांसाठी केलेला कायदा योगायोगाने एकमेकांना जुळले. त्यातून सेवेची एक निराळी तऱ्हा आकाराला आली, आणि ती समजून घ्यायची तर आधी थोडी जमीन बघावी लागते.

ख्रिस्ती धर्म या वाळवंटात तेलाबरोबर आला अशी सर्वसाधारण समजूत आहे. अबू धाबीच्या सर बनी यास बेटावर १९९२ साली सातव्या-आठव्या शतकातल्या ख्रिस्ती मठाचे अवशेष सापडले आणि उम्म अल कुवैनच्या सिनिया बेटावर तसाच आणखी एक मठ असल्याचं २०२२ साली जाहीर झालं, हे फार कुणाच्या गावीही नसतं. तो धागा मध्ये तुटला. नव्याने जो जोडला गेला त्याचं एक टोक मुंबईला बांधलेलं आहे. इंग्रजांनी १८३९ साली एडन घेतलं आणि १९३२पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालवला. अरबस्तानचं कॅथलिक धर्मप्रशासन त्या एडनमध्येच उभं राहिलं. कॅपुचिन संघाच्या धर्मगुरूंनी ते सांभाळलं आणि १९७०च्या दशकात त्याचं ठाणं अबू धाबीला हललं. आज या ‘दक्षिण अरबस्तान’ विभागात अमिराती, ओमान आणि येमेन असे तीन देश येतात. २०२२पासून बिशप पाओलो मार्तिनेल्ली त्याचे प्रमुख आहेत. एकट्या अमिरातीत नऊ धर्मग्रामं आहेत.

जमिनी शेखांनी दिल्या. अबू धाबीचं सेंट जोसेफ चर्च १९६५ साली शेख शखबूत यांनी दिलेल्या जागेवर उभं राहिलं, दुबईचं सेंट मेरीज १९६७ साली शेख रशीद यांनी दिलेल्या जागेवर. तेव्हा ‘संयुक्त अरब अमिरात’ नावाचा देशसुद्धा जन्माला यायचा होता. रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी काढलेला रुपया तिथल्या बाजारात १९६६पर्यंत चालत होता, सेंट मेरीज उभं राहिलं तेव्हा तो बंद होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सेंट मेरीज ऊद मेथा भागात आहे. इंडियन हायस्कूल आणि इंडिया क्लबही तिथेच, अँग्लिकन पंथाचं होली ट्रिनिटी चर्च त्याच परिसरात, आणि २०११पासून ग्रीन लाइन मेट्रोचं स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर. जगातल्या सर्वांत मोठ्या धर्मग्रामांत या चर्चचं नाव घेतात. तीन लाखांच्या घरातला आकडा सांगितला जातो. खरी मोजदाद अवघड, कारण नोकरी आणि व्हिसा यांच्या तालावर माणसं येत-जात राहतात.

ही माणसं कोण? फिलिपिन्सच्या बायका फार मोठ्या संख्येने. केरळच्या नर्सेस, मंगळूरची कुटुंबं, दोन-तीन पिढ्या आखातात काढलेले गोंयकार, अरब ख्रिस्ती, श्रीलंका आणि पाकिस्तानातले कॅथलिक, आफ्रिकी, युरोपीय. मराठी वाचकाच्या ओळखीचे यात वसईकर. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. तिथली मिस्सा मराठीत, ‘सुवार्ता’ मासिक मराठीत, आणि ते मासिक वर्षानुवर्षं संपादित करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. पण वसईची सुवार्ता वाचणारी बाई दुबईत उतरली की तिला बहुधा इंग्रजी मिस्सेला जावं लागतं. कोकणी, मल्याळम, तमिळ, टॅगॅलॉग, अरबी, उर्दू अशा कितीतरी भाषांत तिथे उपासना होते. त्या गर्दीत कुणाची भाषा कुठे बसेल ते संख्येवर ठरतं. जपमाळेला मात्र ही अडचण येत नाही. तिची दहा-दहा मण्यांची पाच दशकं असतात. एक कोकणीत, एक मल्याळममध्ये, एक टॅगॅलॉगमध्ये अशी वाटून घेतली जातात आणि शब्द न कळणाऱ्या बाईलाही आपण कुठे आहोत ते मण्यांवरून कळतं.

आता लीजनकडे. ७ सप्टेंबर १९२१ची संध्याकाळ, डब्लिनच्या फ्रान्सिस स्ट्रीटवरचं मायरा हाउस. इंग्रजांशी युद्धबंदी होऊन दोन महिने झाले होते, करार अजून व्हायचा होता. अशा दिवसांत पंधराएक बायका एका टेबलाभोवती बसल्या, बहुतेक ऐन तारुण्यातल्या, नोकरी-कामधंदा करणाऱ्या. सोबत फादर मायकेल टोहर आणि सरकारी नोकरी करणारा फ्रँक डफ. दुसऱ्या दिवशी मरियेचा जन्मोत्सव होता. वांद्र्याला ज्या सणाची जत्रा भरते आणि मंगळूरला ‘मोंती फेस्त’ म्हणून पोरं फुलं वाहतात, तोच. डब्लिनच्या त्या बायकांनी जत्रा काही भरवली नाही. साउथ डब्लिन युनियनच्या दवाखान्यात, म्हणजे अनाथ-निराधारांना ठेवायच्या सरकारी आसऱ्यात, आजारी पडलेल्या बायकांना भेटायला जायचं ठरवलं. कोण कुणाबरोबर आणि कोणत्या वॉर्डात जाणार त्याच्या जोड्या लावल्या आणि पुढल्या आठवड्यात काय झालं ते येऊन सांगायचं असं ठरलं. एलिझाबेथ कर्वन पहिल्या अध्यक्ष झाल्या.

डफ स्वतः सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटीचा कार्यकर्ता होता. ती संघटना गरिबांना धान्य, कोळसा, कपडा पोचवते, आजही पोचवते. मायरा हाउस त्याच मंडळींचा अड्डा. म्हणजे मदत देणाऱ्यांच्या मधूनच मदत न देणारी ही शाखा फुटली, आणि ते समजून-उमजून झालं. देणारा हात दिसला की दार उघडणारा माणूस आधी हाताकडे बघतो, असा त्यामागचा हिशेब. शिवाय गरिबाच्या घरी जाणारे पुष्कळ होते. जो गरीब नाही पण एकटा आहे, त्याच्याकडे कोण जाणार? पैसा बाजूला ठेवला की कुणाच्याही दारात उभं राहता येतं.

या बायका पुढे फक्त दवाखान्यात थांबल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी डब्लिनच्या वेश्यावस्तीतून बाहेर पडू पाहणाऱ्या बायकांसाठी वसतिगृह काढलं. ‘मोंटो’ नावाची ती वस्ती १९२५मध्ये बंद पडली, त्यात पोलिसांच्या धाडीइतकाच या घरोघर जाणाऱ्या जोड्यांचा हात होता. त्याच वर्षी ‘लीजन ऑफ मेरी’ हे नाव आलं आणि रोमन सैन्यातले शब्द घेऊन सगळी रचना झाली. छोट्या गटाला प्रेसिडियम म्हणतात, त्यावर क्युरिया, आणखी वर सेनेटस. पुरुषांना प्रवेश मिळायला १९२९ उजाडावं लागलं. कॅथलिक जगात उलटं पाहायची सवय असलेल्यांना हा तपशील खास आवडेल. एडेल क्विन या क्षयाने पोखरलेल्या तरुणीला १९३६ साली संघटनेने पूर्व आफ्रिकेला पाठवलं. १९४४ साली नैरोबीत मरेपर्यंत ती मोडक्या गाडीतून गटामागून गट उभे करत हिंडली. खुद्द डफला १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला निरीक्षक म्हणून बोलावणं आलं.

प्रेसिडियमची सभा एकदा नीट बघण्यासारखी असते. टेबलावर पांढरं कापड. त्यावर मरियेची मूर्ती, दोन्ही बाजूंना फुलदाण्या आणि दोन मेणबत्त्या, पुढ्यात रोमन सैन्याच्या निशाणासारखं एक छोटं निशाण. ही मांडणी डब्लिनमध्ये जशी तशीच दुबईत. आधी प्रार्थना आणि जपमाळेची पाच दशकं, मग थोडं आध्यात्मिक वाचन, मग मागच्या सभेचं इतिवृत्त. त्यानंतर सभेचा खरा गाभा: प्रत्येकीने आठवडाभरात काय केलं ते सांगायचं. ‘गेले होते, बरं चाललंय’ एवढ्यावर भागत नाही. कुठे गेलात, किती वेळ होता, पुन्हा जायला हवं का? सेक्रेटरी लिहून घेते. सभा सुरू होऊन तासाभराने सगळ्या उभ्या राहून मरियेचं स्तोत्र म्हणतात, धर्मगुरू किंवा अध्यक्ष चार शब्द बोलतात, आणि एक बंद पिशवी फिरते. कुणी किती टाकलं ते कुणाला दिसू नये, आणि जिच्याकडे काही नाही तिलाही हात घालता यावा, म्हणून बंद. ते पैसे संघटनेच्याच खर्चाला. शेवटी पुढल्या आठवड्याच्या जोड्या लागतात. दीड तासाच्या वर सभा लांबवायची नाही असा दंडक आहे. (आपल्याकडच्या किती मंडळांच्या कार्यकारिणीला हा दंडक सोसेल?)

नव्या बाईला आधी तीन महिने उमेदवारी करावी लागते, मग प्रतिज्ञा. आठवड्याला सभा चुकवायची नाही आणि किमान दोन तासांचं काम करायचं. अध्यक्षपद तीन वर्षांचं, फार तर पुन्हा एकदा तीन. भेटीत जे कानावर पडलं ते सभेबाहेर जाता कामा नये.

अमिरातीत ‘काम’ म्हणजे काय, हे त्या देशाच्या वस्तीवरून ठरतं. लोकसंख्या एक कोटीच्या आसपास, त्यात दहातले जवळपास नऊजण परदेशी. एकटे भारतीयच पस्तीस लाखांहून जास्त. म्हातारी माणसं कमी, कारण नोकरी संपली की बहुतेकांना परतावं लागतं. म्हणजे गावाकडे ज्यांच्या भेटीला जायचं ते अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा तिथे फारसे नाहीत. त्यांच्या जागी दुसरी माणसं आहेत. पहिलं बाळंतपण परक्या देशात झालेली, आईला व्हिजिट व्हिसा न मिळालेली मुलगी. नवऱ्याची नोकरी गेल्यावर फ्लॅटचं दार लावून बसलेलं कुटुंब. अपघात होऊन दवाखान्यात पडलेला, ज्याच्या खोलीतले सहाजण आपापल्या पाळ्यांवर गेलेले असतात असा कामगार. आणि घरकाम करणाऱ्या बायका, ज्यांचं राहणं आणि राबणं एकाच छपराखाली असतं.

या सगळ्यांना पैशाची गरज नसते असं नाही. पण दवाखान्यातल्या खाटेशेजारी खुर्ची ओढून अर्धा तास बसणारं माणूस तिथे पैशापेक्षाही दुर्मीळ. मल्याळी बाईला फिलिपिनो जोडीदारीण मिळते. एकीला मल्याळममधली ‘चेची’ आणि दुसरीला टॅगॅलॉगमधली ‘आते’, म्हणजे दोघींना ताईच, म्हणत रुग्ण दोघींशी मोडक्या इंग्रजीत बोलतो, हिंदीत बोलतो, कधी रडतो. वसईची ताई बरोबर असली तर हिंदी-मराठी माणसाची सोय होते. दोघींनी जाण्याचे फायदे इथे डब्लिनपेक्षाही जास्त. अनोळखी घरात एकट्या बाईने जाणं टळतं, एकीला गाडी चालवता येते, दुसरीला अरबी फलक वाचता येतात, आणि बाहेर पडल्यावर काय बघितलं ते पडताळून घ्यायला साक्षीदार असतो.

मृत्यूच्या वेळी हे काम सर्वांत उघड दिसतं. दुबईत माणूस गेला की दवाखान्याचा दाखला, पोलिसांचं पत्र, पासपोर्ट रद्द करणं, वकिलातीची ना-हरकत, मुहैसना भागातल्या केंद्रात शवाला मसाला भरणं, विमानाचं कार्गो असा कागदांचा प्रवास सुरू होतो. मुहैसना हा भाग कामगारांच्या लांबच लांब वसाहतींचा. हिंदुस्थानी माणसं त्याला सोनापूर म्हणतात. कागदांच्या कामात सराईत समाजसेवक असतात, आणि २००९ साली सुरू झालेल्या भारतीय समाज कल्याण निधीतून वकिलात निराधाराच्या शवाचा खर्च उचलू शकते. पण शव जाईपर्यंतचे दोन-चार दिवस घरी बसलेली बायको, तिच्या सोबतीला कोण? संध्याकाळी येऊन जपमाळ म्हणणाऱ्या, चहा करणाऱ्या, पोरांना शाळेचं विचारणाऱ्या चार बायका तिथे असतात. चहाला लीजनचं नियमपुस्तक आडवं येत नाही, असं धरून चालू.

पण नियम टोचतो तोही इथेच. तीन महिने पगार न मिळालेल्या बाईच्या घरी जाऊन प्रार्थना करायची आणि रिकाम्या हाताने निघायचं, हे ऐकायलासुद्धा निर्दय वाटतं. लीजनचे पुरस्कर्ते म्हणतात की सभासदाने गरज योग्य ठिकाणी पोचवावी. धर्मगुरूंना सांगावं, वकिलातीच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्रात तिला घेऊन जावं, परवाना असलेल्या धर्मादाय संस्थेचं दार दाखवावं. हे उत्तर बरोबर आहे, पुरतं समाधान देणारं नाही. फाटक्या पिशवीत पन्नास दिरहम सरकवणारा हात प्रत्येक काळात असतो आणि इतिवृत्तात तो लिहिला जात नाही, असं मानायला मानवी स्वभावाची थोडी ओळख पुरे. तरीही नियमाचा एक मोठा उपयोग नाकारता येत नाही. पैसा मध्ये नसल्यामुळे हिशेब नाही, हिशेब नसल्यामुळे भांडण नाही, आणि खजिनदारावरून फुटलेल्या आखाती मंडळांच्या यादीत या गटांचं नाव येत नाही.

कोकणपट्टीच्या इतिहासात हे चित्र ठेवून बघितलं की त्याचं वेगळेपण कळतं. संघटित दानधर्माची कॅथलिक परंपरा इथे पोर्तुगीजांबरोबर आली. १४९८ साली लिस्बनमध्ये राणी लिओनोरच्या पुढाकाराने ‘मिझेरिकोर्दिया’ ही संस्था निघाली, तिच्या शाखा गोव्यात आणि वसईतही झाल्या. स्थापना राणीची, सदस्य मात्र सगळे पुरुष. गोव्याच्या गावोगावच्या कोंफ्रारियांत, म्हणजे धार्मिक बंधुमंडळांतही, सणाला झगे घालून मिरवणारे पुरुषच. मुंबईत धोबीतलाव-माझगावला गोंयकारांच्या ‘कुडी’ उभ्या राहिल्या, जहाजाची वाट बघणाऱ्या खलाशांना, नोकरी शोधणाऱ्यांना गावाच्या नावावर पथारी टाकायला जागा देणाऱ्या. तिथे वेदी होती, संध्याकाळची जपमाळ सक्तीची होती, अडल्या-नडल्याला सांभाळणं होतं. लीजनच्या गटात जे जे आहे त्यातलं बरंच कुडीत सापडेल. फक्त तीही पुरुषांची. त्याच मुंबईत आया आणि स्वयंपाकिणी म्हणून राबणाऱ्या गोव्याच्या बायका मालकाच्या घरी झोपत, त्यांना कूड नव्हती.

लदिनीच्या स्तुतिगीतांना सूर धरणाऱ्या, मे आणि ऑक्टोबरात घरोघर जपमाळ फिरवणाऱ्या बायका. सभा भरवणारे, ठराव करणारे पुरुष. किनाऱ्यावरची ही जुनी वाटणी आखातात पुष्कळशी मोडली. कारण साधं आहे. नर्स, शिक्षिका, हिशेबनीस, घरकामगार म्हणून व्हिसा स्वतःच्या नावावर घेऊन गेलेली बाई सभेला यायला कुणाची परवानगी विचारत नाही.

या भूमीवर बायकांनी काम उभं करण्याला आणखीही पूर्वसूरी आहेत, आणि त्यांतली एक चक्क अरब आहे. मारी अल्फोन्सीन गट्टास. १८४३ साली जेरुसलेमला जन्मलेली ही पॅलेस्टिनी मुलगी जोगीण झाली, आणि १८८० साली तिच्या प्रेरणेतून अरब मुलींच्या शिक्षणासाठी जपमाळेच्या नावाचा संघ उभा राहिला. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी तिला संतपद दिलं. तिच्या संघाच्या सिस्टर अबू धाबी आणि शारजात ‘रोझरी स्कूल’ चालवतात. दुबईत १९६८ साली सुरू झालेली सेंट मेरीज शाळा कोंबोनी सिस्टरांच्या हाती गेली. जपमाळ ही पाश्चात्त्यांनी वाळवंटात आणलेली वस्तू आहे असं समजणाऱ्याने गट्टासचं नाव लक्षात ठेवलेलं बरं.

लीजनला आखातात एक मोठी तडजोडही करावी लागली आहे, तिच्याविषयी मोकळेपणाने बोललं जात नाही. ही संघटना मुळात धर्मप्रचारासाठी घराबाहेर पडलेली. डब्लिनमध्ये, आफ्रिकेत, चीनमध्ये तिचे लोक अनोळखी दारं ठोठावत. अमिरातीत उपासनेला मोकळीक आहे, पण नेमून दिलेल्या जागेत. मुसलमानांमध्ये ख्रिस्ती धर्माचा प्रचार कायद्याने बंद. बिगर-मुस्लीम प्रार्थनास्थळांसाठी २०२३ साली स्वतंत्र संघीय कायदाही झाला. तेव्हा इथल्या जोड्या आपल्याच लोकांच्या दारी जातात. मिस्सेला यायचं सोडलेले, लग्न विस्कटलेले, मुलांचा बाप्तिस्मा राहून गेलेले. काम आकुंचलं, असं म्हणता येईल. पण रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला धर्म सांगण्यापेक्षा शेजारच्या इमारतीतल्या, रुसून बसलेल्या ओळखीच्या बाईकडे जाणं जास्त अवघड, हे ज्याने कधी केलंय त्याला विचारावं.

कायद्याच्या चौकटीतली ही मोकळीक लहानसहान नाही. त्याच विभागातल्या येमेनमध्ये, एडनला, ४ मार्च २०१६ रोजी वृद्धाश्रमावर हल्ला झाला आणि मदर तेरेसांच्या संघाच्या चार सिस्टर मारल्या गेल्या. एक झारखंडची होती. उलट बाजूला ५ फेब्रुवारी २०१९ला अबू धाबीच्या झायेद स्पोर्ट्स सिटीत पोप फ्रान्सिस यांनी मिस्सा केली. अरबी द्वीपकल्पावर पोपने पाऊल ठेवण्याची ती पहिलीच वेळ, आणि स्टेडियमच्या आत-बाहेर मिळून पावणेदोन लाखांच्या वर माणसं होती. त्या दिवसाची छायाचित्रं जगभर गेली. वर्षभराने, मार्च २०२०मध्ये, करोनाने सगळी प्रार्थनास्थळं बंद झाली. भेटी देणं हेच ज्यांचं काम त्यांना घरात बसावं लागलं, तेव्हा जपमाळ फोनवर आणि पडद्यावर गेली.

गटांची खरी कसोटी मात्र साथीने नाही, व्हिसाने बघितली जाते. तीन वर्षांत अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सेक्रेटरी तिघीही देश सोडून गेल्या, असं तिथे सहज होऊ शकतं. एकीच्या नवऱ्याची बदली, एकीला कॅनडाचे कागद आले, एकीची मुलगी दहावी झाली म्हणून मंगळूरला परत. अशा वेळी एखाद्या कर्तबगार बाईभोवती उभं राहिलेलं मंडळ कोसळतं. लीजनचा रोमन थाट, तेच टेबल, तेच कापड, तीच क्रमवारी, इतिवृत्ताची वही, हा सगळा कर्मकांडासारखा वाटणारा पसारा इथे कामी येतो. नवी सेक्रेटरी वही उघडते आणि मागच्या आठवड्यात कुणाकडे जायचं राहिलं ते तिला कळतं. नैरोबी असो, मंगळूर असो वा दुबई, निघून गेलेली बाई नव्या गावातल्या गटात जाऊन बसली तर तिला नव्याने काही शिकावं लागत नाही.

२०२२च्या जानेवारीत अमिरातीची सुट्टी शुक्रवार-शनिवारवरून शनिवार-रविवारवर गेली. तोवर मुलांच्या धर्मशिक्षणापासून मोठ्या मिस्सेपर्यंत सगळं शुक्रवारी चाले. अनेकींना पहिल्यांदाच रविवारचा रविवार मिळाला. पण तो कार्यालयातल्या बायकांना. दुकानात, सलूनमध्ये, दवाखान्यात आणि घरात काम करणाऱ्यांचं वेळापत्रक वेगळं.

प्रेसिडियमच्या सभासदत्वाचा हिशेब साडेतीन तासांचा आहे: दीड तास सभा, दोन तास काम, शिवाय जाणं-येणं. हे तास कुणाकडे असतात, या प्रश्नाने या सेवेची सगळ्यांत मोठी मर्यादा उघडी पडते. जिला भेटायला जोडी जाते ती घरकामगार स्वतः जोडीतली एक होऊ शकते का? लीजनने अशांसाठी सहायक सभासदत्व ठेवलं आहे. तिने रोज ठरलेल्या प्रार्थना आणि जपमाळ म्हणायची, सभेचं बंधन नाही. तांदूळ निवडताना, इस्त्री करताना ती ते करू शकते, आणि करतातही पुष्कळजणी. अमिरातीच्या २०१७च्या आणि नंतर २०२२च्या कायद्याने घरकामगाराला आठवड्याला एक पगारी सुट्टी दिली. ती कुठल्या वारी, हे करारावर आणि घरमालकिणीच्या सोयीवर असतं. प्रेसिडियमची सभा मात्र नियमाप्रमाणे दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी भरते.